आज्जी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळी घेऊन जायचंय? शहर असं निवडा (खास बेळगाव-खानापूर-निपाणीवाल्यांसाठी)

सुट्टीत सगळ्यांनी मिळून कुठंतरी जाऊया असं ठरलं की घरच्या ग्रुपवर कुणीतरी टाकतंच, "मग कुठं जायचं?" आणि तिथनंच घोळ सुरू होतो. काका म्हणणार काशी, कॉलेजातली पुतणी म्हणणार बंगळूर, कुणीतरी मनालीचा बर्फ टाकणार, आणि आज्जी म्हणणार, "मी काय येत नाही बाबा, तुम्ही जावा, मी घर बघतो." आता आज्जीला यायचं नसतं असं नाही. जिने किती, बाथरूम कसलं आणि रात्री दोनदा उठायला लागलं तर काय, ह्याची तिला काळजी असते, पण ती तसं बोलणार नाही. त्यामुळं ग्रुपवर शहराची नावं मागवू नका. आधी घरातल्या दोन माणसांकडं बघा, सगळ्यात कमी चालणारं कोण आणि सगळ्यात लहान कोण, आणि मग शहर शोधा.

माझी शहराची परीक्षा एकच आहे. दुपारी एक वाजता तुम्ही जिथं फिरत असाल तिथून वीस-पंचवीस मिनिटांत सगळ्यांना घेऊन रूमवर परत येता येतंय का? येत असेल तर शहर पास. बाकी ते कितीही फेमस असू दे, येत नसेल तर ते मित्रांबरोबर जायला ठेवा.

दुपारच कशाला, तर बघा. आजोबांच्या जेवणाआधीच्या गोळ्या, जेवणानंतरच्या गोळ्या आणि मग पाठ टेकायची सवय, तीन वर्षाच्या पोराची झोप, आणि आमच्याकडच्या सुट्ट्या पडतात त्या बहुतेक ऐन उन्हाळ्यात, ह्या तिन्ही गोष्टी बरोब्बर एक ते चारमध्येच येऊन पडतात. ह्या वेळात सगळ्यांना म्युझियमच्या बाकड्यावर नाहीतर गाडीत कोंबून ठेवलं की संध्याकाळी पाचला भांडण ठरलेलं. आणि रूमवर येऊन दीड-दोन तास आडवं पडून, चहा घेऊन निघालं की हीच माणसं रात्री नऊपर्यंत हसत फिरतात. सकाळी अकराच्या आत एक मोठी जागा, संध्याकाळी पाचनंतर एक, दिवसाला दोनच. तिसरी लिस्टमध्ये घातलीत की दुपार गेलीच म्हणून समजा.

आधी कधी जायचं ते बघा, कुठं ते नंतर

हे आपल्याकडचं खास दुखणं आहे. आपल्या पोरांच्या शाळा मराठी असू देत नाहीतर इंग्लिश मीडियम, सुट्टी कर्नाटकाच्या कॅलेंडरप्रमाणं, म्हणजे साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मे संपेपर्यंत. कोल्हापूर-पुण्याची आत्ते-मामे भावंडं मात्र मे महिन्यात सुटतात ती जूनच्या मध्यापर्यंत. म्हणजे दोन्हीकडची पोरं एकत्र मिळायची तर मे महिनाच. आणि दुसरी मोठी सुट्टी आपल्याला दसऱ्याला, त्यांना दिवाळीला. सीबीएसईची पोरं असतील तर आणखीन वेगळंच. त्यामुळं सगळ्यांच्या शाळांच्या तारखा एका कागदावर मांडल्याशिवाय शहराचं नाव काढूच नका.

मे महिनाच मिळत असेल तर हैदराबाद, विजापूर, आग्रा, काशी ही सगळी कट. तिथं पारा चाळीसच्या वर जातो, बेळगावच्या हवेतल्या माणसाला ते सोसत नाही, आपल्याला छत्तीस झालं तरी आपण पेपरात वाचून दाखवतो. मेमध्ये म्हैसूर आणि बंगळूर चालतं, दोन्ही उंचावर आहेत, बंगळूर तर नऊशे मीटरच्या वर, आणि संध्याकाळी वळवाचा पाऊस येऊन हवा थंड होते. आणि ज्यांना फक्त आपल्याच घरची पोरं न्यायची आहेत त्यांनी दसऱ्याची सुट्टी उत्तरेसाठी ठेवावी, ऑक्टोबरात दिल्ली-आग्रा-जयपूरला ना ऊन ना धुकं. महाराष्ट्रातल्या लोकांची गर्दी तेव्हा सुरू झालेली नसते हा बोनस. फक्त त्या सुट्टीत म्हैसूर नको. दसऱ्याला म्हैसूर बघण्यासारखं असतं हे खरं, पण विजयादशमीच्या हत्तीच्या मिरवणुकीत व्हीलचेअर घेऊन उभं राहून दाखवा.

आता शहरं, ह्या परीक्षेला लावून

म्हैसूर माझ्या मते पहिल्या नंबरात. राजवाडा, झू, देवराज मार्केट, चांगली हॉटेलं सगळं एकमेकांच्या जवळ, रिक्षानं दहा-पंधरा मिनिटांत. आत्ताचा राजवाडा 1897 ते 1912 मध्ये बांधलाय, आधीचा लाकडी जळाला म्हणून. आत चपला काढून जावं लागतं, आणि ही गोष्ट फोटोत दिसत नाही, पण बारा वाजता बाहेर आलात की चप्पल स्टँडपर्यंतची फरशी तापलेली असते आणि आज्जी टाचा वर करून, पोराच्या खांद्याला धरून, "अगं आई गं" करत निघते. पिशवीत जाड सॉक्सचा जोड ठेवा, नाहीतर सकाळी उघडल्या उघडल्या आत शिरा. रविवारी आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी राजवाड्यावर जवळजवळ लाखभर बल्ब लागतात, थोडाच वेळ असतं, पण तिथं चालायचं नाही, चढायचं नाही, पटांगणात उभं राहून वर बघायचं. ऐंशीच्या माणसाला आणि चार वर्षाच्या पोराला एकाच वेळी तोंड उघडं ठेवून बघायला लावणारी दुसरी जागा मला तरी माहीत नाही. म्हणून म्हैसूरचा मुक्काम असा लावा की मध्ये रविवार येईल. झू मंगळवारी बंद, म्हणजे शनिवार-रविवार-सोमवार बेस्ट. झू मोठं आहे, म्हाताऱ्या माणसांसाठी बॅटरीची गाडी मिळते, गेटवरच विचारा. चामुंडी डोंगराला हजाराच्या आसपास पायऱ्या आहेत पण गाडी वरपर्यंत जाते, पायऱ्या ज्यांना पाहिजेत त्यांनी पहाटे उतराव्यात. बृंदावन गार्डन मात्र विचार करून. वीस किलोमीटर लांब, कारंजं संध्याकाळी अंधारात, आणि गेटपासून तिथपर्यंत बरंच चालावं लागतं, येताना सगळी एकदमच बाहेर पडतात. तरुण मंडळींनी जावं, बाकीच्यांनी रूमवर म्हैसूरपाक खात बसावं.

बंगळूरला लोक भितात ट्रॅफिकला, बरोबरच आहे, पण बंगळूर पूर्ण बघायचंच नाही. एक पट्टा धरायचा. कब्बन पार्क, त्याला लागून विश्वेश्वरय्या म्युझियम (पोरं तिथनं बाहेर निघत नाहीत, बटणं दाबून मशीन फिरवायची सगळी), जवळच तारांगण, आणि हे सगळं मेट्रोच्या पर्पल लाइनवर. मेट्रोला लिफ्ट आहे, एसी आहे, आणि आमच्या आजोबा लोकांना मेट्रो हाच एक प्रेक्षणीय आयटम असतो. लालबागला ग्रीन लाइन, मॅजेस्टिकला बदलायची. लालबागेत सकाळी लवकर जा, मोठमोठी झाडं, सपाट रस्ते, बसायला भरपूर बाकडी. आणि आजोबा जर "बंगळुरात काय आहे आपलं?" म्हणून बसले तर त्यांना सांगा, 1638 नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, मग बघा कसे उठतात. बन्नेरघट्टा नको, अख्खा दिवस जातो, परीक्षेत नापास.

पणजी जवळ आहे म्हणून आपण तिला सुट्टीत धरतच नाही, पण चार पिढ्यांना पणजी झकास. आज्जीला मंगेशी-शांतादुर्गा सांगितलं की ती नाही म्हणत नाही, कितीतरी बेळगावकरांची कुलदैवतंच ती. जुन्या गोव्याची चर्चं दहा किलोमीटरवर आणि सपाट, संध्याकाळी मांडवीत बोट, ज्यांना चालायचं त्यांना फोंटेन्हासच्या गल्ल्या. फक्त मुक्काम पणजीतच करा. कळंगुट-बागात रूम घेतलीत की एकतर ट्रॅफिक आणि दुसरं म्हणजे रात्रीचा डीजे. चोर्ला घाटात पोरं ओकतात, ते धरूनच चाला, निघताना पोटभर मिसळ चारू नका, आवळ्याची सुपारी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या पुढच्या सीटवर ठेवा. पावसाळ्यात घाटाची बातमी बघितल्याशिवाय निघायचं नाही.

कोल्हापूर आपल्याला शंभर-एकशे दहा किलोमीटर, त्यामुळं सगळे सकाळी जाऊन रात्री परत येतात, आणि म्हणूनच दमतात. एक रात्र राहा. महाद्वार रोडच्या आसपास रूम घेतली की देऊळ चालत, भवानी मंडप चालत, दुपारी आडवं पडायला जागा, संध्याकाळी रंकाळा. शुक्रवार आणि नवरात्र सोडून. पन्हाळा वीसेक किलोमीटर, गाडी गडावर जाते, तिथं वारं खायला आजोबा पण येतात.

पुण्यात नातेवाईक असतात, त्यामुळं मुक्काम कुणाच्या घरी हा वेगळाच प्रश्न. जिथं दहा माणसं उतरणार त्या घरच्या बाईला सुट्टी नाही, एवढं लक्षात ठेवा आणि रूम बाहेर घ्या, एक जेवण त्यांच्याकडं. दगडूशेठ, शनिवारवाडा, केळकर म्युझियम, सारसबाग हे एका पट्ट्यात बसतं. कात्रजचं झू बुधवारी बंद.

मुंबई मला ह्या कामाला फारशी पटत नाही. दादर नाहीतर फोर्टमध्ये राहून गेटवे, म्युझियम आणि चौपाटी एवढंच केलं तर ठीक. राणीच्या बागेतले पेंग्विन पोरांना पाहिजे असतात, तिथं बुधवारी बंद. घारापुरीला बोटीतनं उतरल्यावर शंभराच्या वर पायऱ्या आहेत आणि सोमवारी बंद.

हैदराबाद थंडीत चांगलं. सालारजंग म्युझियम शुक्रवारी बंद, बाकी दिवशी तासाच्या ठोक्याला तिथल्या घड्याळासमोर गर्दी जमते, आतून छोटा माणूस येऊन घंटा वाजवतो, पोरांना आधी नेऊन पुढं बसवा. चारमिनार खालनंच छान दिसतो. गोळकोंड्याला साडेतीनशेच्या वर पायऱ्या, तिथं दोन टीम करायला लागतात. रामोजी फिल्म सिटी म्हणजे दिवसभर घरी परत नाही, पोरांचा हट्ट असेल तर आज्जी-आजोबांना त्या दिवशी सुट्टी द्या, त्यांना ओढत नेऊ नका.

विजापूर दोनशे किलोमीटर, डिसेंबर-जानेवारीत करा. गोलघुमटाचा आवाज ऐकायचा तर कोपऱ्यातल्या मनोऱ्याचे सात मजले अरुंद जिन्यानं चढायला लागतात, पायऱ्या उंच आहेत आणि धरायला फारसं काही नाही. पण खालनं आत शिरून मान वर केली तरी घुमट बघून होतो, आणि बाहेर हिरवळ आहे, झाडं आहेत, तिथं चटई टाकून घरची भाकरी-झुणका उघडला की वर न गेलेल्यांना काही चुकल्यासारखं वाटत नाही. वर जाणाऱ्या पोरांनी सकाळी लवकर जावं, नंतर शाळांच्या सहली येतात आणि मग वर नुसता आरडाओरडा, कुजबुज ऐकू येत नाही.

संभाजीनगर म्हणाल तर वेरूळ तीस किलोमीटर, ते जमतं, कैलास लेणं रस्त्यापासून जवळ आहे. अजिंठा शंभर किलोमीटर, तिथं जायचं तर दिवस सोडायचा. वेरूळ मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी, हे उलटसुलट करून माणसं गेटवरून परत आलेली आहेत.

जायचं कसं

पाच-सहा तासांच्या वर गाडीत बसवून म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका, भाड्याची टेम्पो ट्रॅव्हलर कितीही स्वस्त पडू दे. रेल्वे बघा. राणी चन्नम्मा संध्याकाळी धरली की सकाळी बंगळूर. ऑगस्ट 2025 पासून बेळगाव-बंगळूर वंदे भारत पण आहे, पहाटे निघून साडेआठेक तासांत दुपारी पोचवते, पण ती सगळी बसायची गाडी, पाठ टेकायला मिळत नाही. कंबरेचा त्रास असलेल्यांना रात्रीची स्लीपर बरी. पुण्याची वंदे भारत रोज नाही, वार बघून प्लॅन करा. दिल्ली-आग्र्याला गोवा एक्सप्रेस बेळगावातनंच जाते, दोन रात्री लागतात, पण बदलाबदली नाही, सामान एकदाच चढवायचं आणि एकदाच उतरवायचं, माझ्या मते आज्जीसाठी हे विमानापेक्षा सोपं. राजस्थान-गुजरातच्या काही गाड्या पण इथनं जातात, त्या रोज नसतात.

आता तिकिटाची एक गोष्ट नीट वाचा, कारण इथं हमखास गंडतं. लोअर बर्थचा कोटा 60 वर्षांवरच्या पुरुषांना आणि 45 वर्षांवरच्या बायकांना असतो, पण तिकिटावर ते एकटे किंवा दोघंच असतील तर. तुम्ही सहा जणांचं एकच तिकीट काढलं, त्यात आजोबा टाकले, की सिस्टिम तो कोटा धरतच नाही आणि आजोबांना अप्पर बर्थ. मग डब्यात प्रत्येकाला "जरा बदली करता का" म्हणून फिरायचं. म्हणून दोघा म्हाताऱ्यांचं तिकीट वेगळं, त्या कोट्यात, आणि बाकीच्यांचं वेगळं, त्याच डब्यात. डबे वेगळे आले तर घरातला एक मोठा माणूस त्यांच्या डब्यातल्या कुणाशी तरी बदली करून घेतो, खालचा बर्थ मागण्यापेक्षा वरचा देणं सोपं असतं. बुकिंग आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीचे 120 दिवस विसरा. पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट नाही, पाच ते बारा वयात बर्थ नको असेल तर अर्धं, बर्थ पाहिजे असेल तर पूर्ण. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, आजोबांना हे घरीच सांगून ठेवा, स्टेशनवर नको.

बसचं म्हणाल तर, शक्ती योजनेत बायकांना कर्नाटकाच्या साध्या बसमध्ये राज्यात फुकट आहे, आधार कार्डावर कर्नाटकाचा पत्ता दाखवायचा. हुबळी-धारवाडला वगैरे जायला मस्त. फुकट आहे म्हणून लाल बसनं म्हैसूर गाठू नका. कोल्हापूरकडं एसटीत बायकांना निम्मं तिकीट. पण सीमेवर कुठं काही झालं की पहिल्यांदा बसेस बंद होतात आणि माणसं निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्याला अडकतात, त्यामुळं 1 नोव्हेंबरच्या (कर्नाटकाचा राज्योत्सव, सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस) आसपास किंवा वातावरण तापलेलं असताना बसच्या भरवशावर परतीचा प्लॅन ठेवू नका, रेल्वेचं तिकीट हाताशी असू दे.

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरनं, विमानानं जायचं तर थेट कुठं जातंय ते सारखं बदलतं, महिनाभर आधी नीट बघा. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागायची, त्याचे वेगळे पैसे नसतात. आज्जी म्हणेल "मला कशाला, मी काय पांगळी हाय?" पण विमानतळावर चालायचं अंतर बघून तीच बसते.

रूम बुक करताना फोन करा, ॲपवर भागत नाही

ॲपवर "लिफ्ट आहे" लिहिलेलं असतं आणि लिफ्टपर्यंत जायला दहा पायऱ्या असतात. म्हणून फोन लावून सरळ विचारा: रस्त्यापासून रूमच्या दारापर्यंत एकूण पायऱ्या किती? बाथरूममध्ये कमोड आहे ना, धरायला काही आहे का, गरम पाणी दिवसभर की सकाळीच? जनरेटर आहे का, लाइट गेली की लिफ्ट चालते का? शेजारशेजारच्या रूम मिळतील का, नाहीतर एक कुटुंब पहिल्या मजल्यावर आणि एक चौथ्यावर, मग औषधाची पिशवी शोधत पोरं पळत राहतात. किटली नाहीतर छोटं किचन मिळालं तर पैसे थोडे जास्त गेले तरी घ्या, पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाला चहा मिळाला नाही तर तो सगळ्यांना उठवतो.

जेवणाचं तिथल्या तिथं बघू म्हणू नका. आजोबांना आठला जेवायचंय, पोरं दहाला, कुणाची संकष्टी, कुणाला रस्सा पाहिजे. रूमच्या खालीच एक साधं शाकाहारी हॉटेल आहे की नाही एवढं मॅपवर बघून ठेवा, मटणवाले आपलं शोधतात. शुगरवाल्यांच्या खिशात बिस्किटपुडा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दोन जणांच्या मोबाइलवर.

आता एक गोष्ट राहिली, जी ठरवायला कुणालाच आवडत नाही. दुपारी रूमवर परत यायचं, गोळकोंड्याला दोन टीम करायच्या, रामोजीला म्हाताऱ्यांना सुट्टी द्यायची हे सगळं ठीक आहे, पण त्यांच्याबरोबर मागं थांबणार कोण? न बोलता ते काम सुनेवर पडतं, आणि मोठ्या सुनेवर जास्त, मग ती बिचारी म्हैसूरला जाऊन पण टीव्ही बघत बसते. त्यामुळं शहर फायनल करतानाच थांबायच्या पाळ्या लावा. पहिल्या दिवशी दुपारी मोठा मुलगा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जावई, मग लेक, मग कॉलेजातला नातू, असं नावासकट ग्रुपवर टाका आणि पिन करा. जावयाचं नाव टाकताना थोडी शांतता होईल, होऊ दे.